काळं की रुपेरी

९ नोव्हेंबर, शनिवार

दोन्ही आली. एकाच कुरियरवाल्याच्या हातून, एकाच वेळी. पेन्का दारात कंबरेवर हात ठेवून उभी — "मनगटं दोन आहेत म्हणून घड्याळंही दोन?" बायकोला कायदा समजावत बसलो. घरी मागवलेली वस्तू चौदा दिवसांत परत पाठवता येते. एक राहील, एक जाईल. दुकानातल्या पोराच्या बोलण्याला भुलून घेणाऱ्यातला मी नाही!

एक काळं, एक रुपेरी. आपापल्या कंपनीचं सगळ्यात वरचं. माहितीपुस्तिकेतलं बल्गेरियन वाचवेना, जर्मन वाचलं. जर्मन मी इंजिनांच्या पुस्तकांवरून शिकलो, कुणाच्या शिकवणीला गेलो नाही. काळं माझ्या फोनशी बोलतं. रुपेरीला स्वतःच्याच घराण्यातला फोन लागतो — नखरे! लेकीचा, इस्क्राचा जुना फोन कपाटातून काढला.

शंभर गुणांची परीक्षा ठरवली. पडदा, बॅटरी, हृदयाचे ठोके, पट्टा. आणि सगळ्यात जास्त गुण झोपेला.

झोपेला का, ते इथेच लिहितो. दुसरीकडे कुठे बोलणार! ऑक्टोबरात शाळेची बस घेऊन येताना, गिरणीच्या वळणावर, माझे डोळे मिटले. क्षणभरच. मागे खेड्यांमधली अकरा पोरं. कुणाला कळलं नाही. मला कळलं. सकाळी उठतो तो रात्रभर दगड वाहिल्यासारखा. पेन्काला एवढंच म्हणालो की थकवा आहे. ती म्हणाली, डॉक्टर. डॉक्टर एक कागद लिहील आणि एकवीस वर्षांची बस हातची जाईल. आधी मी स्वतः मोजणार. यंत्र म्हणालं ठीक, तर ठीक.

१० नोव्हेंबर, रविवार

मिन्यो जेवायला. पेन्काचा धाकटा भाऊ, टॅक्सी चालवतो, रविवारी आमच्याकडे जेवतो आणि वर बोलतो.

"काय दाजी, दोन्ही हातांत बेड्या? कुणाला मारलंत?"

मी पावाचा तुकडा मोडला. त्याने त्याला जास्त चेव आला.

"अहो, गाब्रोवोचा माणूस घड्याळ झिजू नये म्हणून रात्री लंबक धरून ठेवतो. सगळा बल्गेरिया हसतो आपल्या चिक्कूपणाला. आणि तुम्ही रात्रीच दोन-दोन चालवता! गावाचं नाव बुडवलंत!"

बोट वर करून त्याला भिंत दाखवली. वडिलांचं लंबकाचं घड्याळ. मी स्वतः उघडलं, स्वतः लावलं, लग्नापासून आजवर एकदाही थांबू दिलं नाही. मिनिटाचा फरक नाही. तासातासाला ठोके देतं, अख्ख्या इमारतीला ऐकू जातात.

जाताना जोडे घालत म्हणाला, "थकलेले दिसता हो. बसचं लायसन्स माझ्याकडेही आहे. सांगा फक्त." हे मात्र चेष्टेत नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

घेवड्याच्या सूपात मीठ दोनदा पडलेलं. पेन्काचं हल्ली असंच. बसल्या जागी डुलक्या घेते. वय झालं.

११ नोव्हेंबर, सोमवार

रात्री दोन्ही बांधून झोपलो. सकाळी दोन्हींनी एकच गाणं गायलं — झोप वाईट, मधेमधे रक्तातला ऑक्सिजन खाली. पट्टा सैल असणार. शिवाय एकाच माणसाच्या अंगावर दोन यंत्रं, गोंधळ व्हायचाच.

घोरणं म्हणे "जोरात". मग? निरोगी माणूस घोरतो. तीन हिवाळ्यांमागे पेन्काने हा विषय काढला होता, तेव्हा मी आठवडाभर बाहेर सोफ्यावर झोपलो. पुन्हा काढला नाही तिने. कळलं तिला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसाच्या परीक्षा.

ठोके — शाळेचा जिना चढून, मानेच्या शिरेवर बोट ठेवून मोजले. काळं अगदी बरोबर. रुपेरी थोडं पुढे पळतं, पण लवकर सावरतं.

पडदा — सकाळी डोंगरावरून ऊन थेट काचेवर येतं तेव्हा रुपेरी स्वच्छ दिसतं. काळं दिसायला दुसऱ्या हाताचा आडोसा धरावा लागतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर असताना आडोसा कोण धरणार? गुण कापले.

बॅटरी — काळं परवापर्यंत तग धरेल. रुपेरी रोज संध्याकाळी भुकेलं.

रुपेरीच्या कडेचं बटण हातमोज्याने दाबलं जातं. वळण घ्यावं तर ते मला हवामान सांगायला लागतं! गुण कापले.

दुपारच्या फेरीत डोळ्यांवर पाणी मारलं. दोनदा गाडी बाजूला घेतली. पोरांना सांगितलं, टायर बघतो.

१३ नोव्हेंबर, बुधवार

मोजायला माप हवं. झोपेचं माप म्हणजे नीट झोपणारा माणूस. घरात असा माणूस आहे — पेन्का. माझ्याबरोबर अंथरुणावर पडते, सकाळी मला उठवते, कधी तक्रार नाही. ओंडक्यासारखी झोपते. आज रुपेरी तिच्या हातात बांधलं, काळं माझ्या.

"मला नको रे ते," ती म्हणाली. "खाज सुटते."

अजून नीट बांधलंही नव्हतं!

१४ नोव्हेंबर, गुरुवार

रुपेरी बाद. पेन्का म्हणे रात्रभरात अडीच तास झोपली! शेजारीच पडली होती ती माझ्या. तिला वाचून दाखवलं. दुधाचं पातेलं ढवळत होती, मागे वळली नाही. "यंत्र आहे. चुकत असेल." दूध उतू गेलं.

तरी अन्याय नको. आज अदलाबदल — काळं तिला, रुपेरी मला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

काळंही तेच म्हणतं. पावणेतीन तास.

दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी यंत्रं आणि चूक एकच? पेन्काला विचारलं, झोप लागत नाही का तुला? "लागते की." कशाची काळजी आहे का? इस्क्राची? "इस्क्रा मजेत आहे वार्नात. तू चहा घे, गार होतोय."

फेरी कशीबशी केली. डोकं शिशाचं.

१७ नोव्हेंबर, रविवार

सापडलं! सबंध सकाळ चौकटीच्या कागदावर रेघा ओढत बसलो. वर माझा ऑक्सिजन, खाली तिचं हृदय, वेळ एकाखाली एक जुळवून. असं काम त्या कंपन्यांतल्या इंजिनिअरांनी केलं नसेल. माझी रेघ दरीत उतरते. उतरते, उतरते — आणि तळाशी पोचली की खाली पेन्काची रेघ टुणकन वर उडी मारते. लगेच माझीही वर येते. मग दोघी जरा सपाट चालतात. पुन्हा माझी दरी, पुन्हा तिची उडी. रात्रभर. जणू दोघींना सुतळीने बांधलंय.

अर्थ सरळ आहे. घड्याळं रेडिओवर बोलतात. एका पलंगावर दोन आली की एकमेकांच्या कामात लुडबुडतात. त्यामुळेच दोघांचेही आकडे खोटे. माझे सुद्धा! म्हणजे मला काही झालेलं नाही. दोन्ही घड्याळांचे झोपेतले दहा-दहा गुण कापले. दोन्ही कंपन्यांना कळवायला हवं.

मिन्योला कागद दाखवला. त्याने दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. मग बहिणीकडे बघितलं. ती भांडी घासत होती.

"दाजी," एवढंच म्हणाला, आणि पुढची थट्टा गिळली. त्याला आलेख वाचता येत नाहीत, पण कबूल करणार नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

लुडबूड सिद्ध करायची तर दोघांना लांब झोपवलं पाहिजे. योग चांगला. सेव्हलिएवोला सासूबाईंकडे हिवाळ्यासाठी कोबी खारवून पिंपं भरायची आहेत, एक रात्र राहायलाच लागतं. पेन्का दरवर्षी उड्या मारत जाते. यंदा म्हणते, मिन्योला पाठवू.

"मिन्यो कोबीत मीठ किती घालतो माहीत आहे ना?"

"मग मिन्यो तरी इथे तुझ्याजवळ झोपू दे. त्याच खोलीत."

"मी काय पाळण्यातलं पोर आहे?"

आवाज चढला माझा. ती एप्रनच्या टोकाशी चाळा करत राहिली. "उशा दोन घे," म्हणाली. "आणि कुशीवर झोप. पाठीवर नको, राचो. एवढं तरी ऐक."

बायकांचं काय एकेक असतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारच्या गाडीने गेली. रुपेरी तिच्या हातात, इस्क्राचा फोन तिच्या पिशवीत. मिन्यो संध्याकाळी उशी बगलेत मारून दारात हजर! परत पाठवला.

२० नोव्हेंबर, बुधवार

शाळेच्या आवारात, बसमध्येच बसून लिहितोय. अक्षर बघवत नाही.

पहाटे उठलो तेव्हा डोकं फुटत होतं, घसा कोरडा लाकूड. काळं बघितलं. दुसरं घड्याळ शेजारी नव्हतं, लुडबूड करायला कुणी नव्हतं — आणि दऱ्या होत्याच. जास्त खोल. जास्त लांब. रेघ तळाला जाते आणि तिथेच पडून राहते. वर ओढणारं काही नाही. माझा तर्क चुकला. हे मी लिहून ठेवतो, कारण खरं ते लिहायचं.

तेव्हाच बसची चावी खाली ठेवायला हवी होती. नाही ठेवली.

गिरणीचं वळण. मला वळण आठवत नाही. खडीचा आवाज आठवतो. उजवी चाकं रस्त्याच्या बाहेर होती, खाली यांत्रा नदी. कसं ओढून आणलं माहीत नाही. गाडी थांबवली. मग पहिल्या बाकावरची ती बिल्याना, सात वर्षांची, टाळ्या वाजवून ओरडली —

"राचोकाका, परत एकदा! परत एकदा!"

बाकीचीही ओरडायला लागली. त्यांना वाटलं मी गंमत केली.

तिथून शाळेपर्यंत पायी चालणाऱ्या म्हाताऱ्याच्या वेगाने आणली. मिन्योला फोन केला. म्हणालो, दुपारची फेरी तू कर. तो हसला नाही. का, ते विचारलंही नाही. "निघालो दाजी. तुम्ही चावीला हात लावू नका."

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पेन्का काल संध्याकाळी आली. हातांना कोबीचा वास. रुपेरी काढून माझ्यापुढे ठेवलं. सात तास पन्नास मिनिटं. सलग.

कालचा माझा कागद त्याच्या शेजारी ठेवला. वळणाचंही सांगितलं. ती खुर्चीत बसली, कोट न काढताच.

"झोपेत तुझा श्वास थांबतो," म्हणाली. "थांबला की मी कोपराने ढोसते. मग तू घेतोस."

कधीपासून?

"तू सोफ्यावर गेलास ना रागावून, त्या हिवाळ्यापासून. परत बोलले असते तर परत बाहेर झोपला असतास. माझं कोपर तिथवर कसं पोचणार?"

सकाळी चावी मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर ठेवली आणि कारण सांगितलं. सोमवारी डॉक्टर. दोन्ही घड्याळांचे झोपेतले कापलेले गुण परत दिले.

आता दुपार आहे. पेन्का आत झोपली आहे. भिंतीवरचं घड्याळ तीनचे ठोके देणार होतं. खुर्चीवर चढलो आणि लंबक हाताने धरला.