आवाजाला दोन गुण

३ ऑगस्ट
वाचनालयाच्या हौशी व्हिडिओ स्पर्धेचं परीक्षण सुरू. मी आणि गुरुशांत — माझा जुना विद्यार्थी, आता फोटो स्टुडिओवाला. एकेचाळीस व्हिडिओ! चित्र, आवाज, स्थिरपणा, आशय — प्रत्येकी दहा गुण. पहिल्याला पुण्याच्या चित्रीकरण-वर्गात मोफत जागा.

निम्म्यांचे हात हलतात. कुणी माणसाला खिडकीसमोर बसवून त्याचं तोंड काळं करतं. आणि एक लक्षात आलं — चित्र स्वच्छ असलं की आशयालाही माझा हात सैल सुटतो. हे बरं नव्हे.

५ ऑगस्ट
बुद्धप्रिया नावाच्या मुलीनं आपल्या भीमाआजीचा व्हिडिओ पाठवलाय. आजी बिड्या वळतेय. मांडीवर सूप, पानात चिमूटभर तंबाखू, बोटांची ती लय — सुरेख! पण नुसती पुटपुटते. आवाजाला दोन.

गुरुशांतचे नऊ. "बाई, आवाज खणखणीत हाय की!"
"तुला मिरवणुकीतल्या डीजेची सवय."
"आन् तुमाला कॉन्व्हेंटची!"

असेना. सिस्टर आम्हाला मैदानाच्या पार टोकाला उभं करून कविता म्हणायला लावत. शब्द न् शब्द पोचायचा. हल्ली कुणी तोंडच उघडत नाही. माझा पोरगासुद्धा फोनवर पुटपुटतो.

७ ऑगस्ट
बेरीज झाली. आजीचा व्हिडिओ चार गुणांनी दुसरा. गुणपत्रक वाचनालयात लावलं. हरकती शनिवारपर्यंत.

९ ऑगस्ट
बुद्धप्रिया घरी आली. भांडायला नाही. "मॅडम, आवाजाला दोनच का? पुढच्या वेळी सुधारीन."

तिच्याच फोनवर व्हिडिओ लावायला सांगितला. बघ — ओठ हलतात, कळतं का काही? मुलीनं फोनचा आवाज पूर्ण वाढवला. माझ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात स्वयंपाकघरात आमची भांडीवाली निंगव्वा खो-खो हसली. नळ चालू, हातात भांडी. ओला पदर सावरत बाहेर आली. "अगं बया! नवऱ्यानं एक बिडी कदी वळली न्हाय, फुंकल्या मातर लाखभर, म्हणती — लई खट्याळ हाय की म्हातारी!"

मी परत लावायला सांगितलं. फोन कानाशी धरला. आधी डाव्या. मग उजव्या.

१० ऑगस्ट
गुरुशांतला फोन केला. आवाजाचे माझे गुण खोड म्हटलं — एकेचाळीसच्या एकेचाळीस. कारण सांगितलं. त्यानं नवी बेरीज केली, काहीतरी बोलला. "परत सांग." पुन्हा बोलला. "मोठ्यानं सांग रे!"

तिसऱ्यांदा कळलं. बुद्धप्रिया पहिली.