शेवटच्या खोलीची कडी

३ मार्च

अस्मादिकांचे आज या शुश्रूषागृहात सन्मानपूर्वक आगमन झाले. सन्मान म्हणजे पहारेकऱ्याने ट्रंक तुमची तुम्हीच उचला असे सांगितले आणि मांजराने वाट सोडली नाही. पद : सांगाती. मरणासन्नांच्या उशाशी बसणे, प्रार्थना वाचणे, हात धरणे. बैठे काम असल्याने ते माझ्या देहयष्टीस सर्वथा अनुरूप आहे.

खरे कारण टोकाच्या खोलीत आहे. आई गेल्यावर जिने मला वाढवले आणि माझ्या विनोदांना जन्मात कधी दाद दिली नाही, ती माझी आक्का. व्याधी हाडांत पसरली आहे. मला पाहताच तिने विचारले की पोट सोबत आणलेस, अक्कल कुठे ठेवून आलास. मी कृतकृत्य झालो.

खोली इतकी अरुंद, की खाटेवर बसल्या बसल्या दाराची कडी काढता येते. मी वास्तुविशारदाचे मनोमन अभिनंदन केले.

५ मार्च

हे गृह चालवणाऱ्या मोठ्या सिस्टरांनी येथील रीत समजावली. घटका भरली की सांगात्याने एका हाताने रुग्णाचा हात धरावा, दुसऱ्याने दार उघडावे आणि म्हणावे, "जा, दार उघडं आहे." दार बंद राहिल्यास काय होते, असे मी सविनय विचारले. आजवर कुणी बंद ठेवलेले नाही, एवढे बोलून त्या काचा पुसू लागल्या.

दुपारी एका वृद्ध गवंड्याला निरोप दिला. दार उघडताच गार झुळूक आली. त्याने उंबऱ्याकडे पाहिले, ओळखीचे कुणी भेटावे तसा हसला आणि गेला. मी वळून पाहिले. कुणी नव्हते. वाराच असणार, पदार्थविज्ञानात मी नापास झालो असलो तरी त्यावर माझी अढळ श्रद्धा आहे.

९ मार्च

आक्काच्या वेदना आता औषधाला जुमानत नाहीत. उशी दातांत धरून ती कण्हते आणि मधूनच माझ्या सदऱ्याचे तुटलेले बटण दाखवून रागावते. तिच्या भिंतीवरच्या क्रुसाकडे पाहून मी वाद मांडला, की हिने आयुष्यभर परक्यांची उष्टी काढली, दयासागराने निदान मरण तरी सुसह्य द्यायचे होते. तिने मला पुरते बोलू दिले. मग म्हणाली, "त्यानं स्वतःच्या लेकालाही क्रुसावर जाऊ दिलं, बाळ्या. अडवणारा तू कोण मोठा लागून गेलास?"

मी वाद मागे घेतला. घटना दुर्मीळ, म्हणून नोंदवली.

११ मार्च

आज दुपारी तिची घटका भरली. तिने माझा उजवा हात धरला आणि दाराकडे पाहिले. माझा डावा हात कडीकडे गेला. मी दार उघडणार होतो.

लावली.

वाक्यही उच्चारले नाही. श्वास थांबला, नाडी थांबली. पकड मात्र सुटली नाही. डोळे उघडेच आहेत, माझ्यावर रोखलेले. डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर क्षम्य मानावे.

१२ मार्च

दाराखालच्या फटीत दोन पावलांची सावली. हालत नाही. ठोठावतही नाही. मोठ्या सिस्टर बाहेरून सांगतात की तिथे कुणी दिसत नाही, पण उंबऱ्यावर रक्ताचे थेंब आहेत. पुसले की पुन्हा उमटतात. दार फोडा म्हणालो. त्या म्हणाल्या, हे आतूनच उघडावे लागते.

आक्का बोलली. श्वासावाचून.

"दुखतंय रे."

म्हणजे मी वेदना थांबवली नाही. केवळ तिचा अंत थांबवला.

१३ मार्च

तिची बोटे काळवंडली आहेत. वास — तो लिहवत नाही. पापणी लवत नाही. दुखतंय, दुखतंय, एवढेच.

भीतीने मी एक विनोद केला. जुनाच, पाहुण्याच्या चपलांचा.

ती हसली. जन्मात पहिल्यांदा. ओठ फाटले, आणि हसू तसेच राहिले —

१४ मार्च

सावली अजून तिथेच. तू मृत्यू आहेस, चालता हो, असे ओरडलो.

दारापलीकडे कुणीतरी रडते आहे. सिस्टर नव्हेत, त्यांना विचारले. मृत्यू रडतो का? आक्कासाठी — की माझ्या—

ती कडीकडे पाहते आहे. केवळ कडीकडे.

सायंकाळ

काढली. वाक्य म्हटले. पहिल्यांदा नुसते ओठांनी, तिने हात सोडला नाही. मग खरे म्हटले. जा, आक्का. जा ग.

दार उघडले. बोटे सैल — चेहरा गवंड्यासारखा, ओळखीचे —

तो आत येतो आहे. मी मान वर करू शकत नाही. पावलांत खिळ्यांची छिद्रे — तिचा हात त्याने घेतला, आणि दुसरा पुढे केला आहे, माझ्याकडे — त्या तळहातालाही आरपार —