आधी बोला, मग चहा

मंगळवार, दिवेलागण

आज मी किटली धरून ठेवली. मीच! अजून खरं वाटत नाही.

आमच्या गावात बैठकीत चहा आला की विषय मंजूर, हे सगळ्यांना पाठ. आज देशाच्या नव्या शिक्षण धोरणावर गावाचं मत घ्यायला कर्जतहून साहेब आले होते. मसुदा भराभरा वाचला. त्यात होतं, कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेत मिळवाव्यात. म्हणजे आमची वस्तीवरची शाळा बंदच की! कुणी हूं की चूं केलं नाही. साहेब म्हणाले, "मग सगळ्यांची संमती धरू ना?" आणि तेवढ्यात हॉटेलवाले बबनभाऊ किटली घेऊन दारात.

मी शाळा समितीची अध्यक्ष, पण आजवर नुसती सहीपुरती. काय झालं कोण जाणे, उठले आणि किटलीच काढून घेतली. "आधी बोला, मग चहा."

आता हसं होणार, वाटलं. मग मागून जनाकाकू म्हणाल्या, "वढ्याला पानी आलं की पोरं मोठ्या शाळंत जायची कशी? पूल हाय का?" झालं! मग माणसं थांबेचनात. साहेबांचा कागद पाठपोट भरला. दिल्लीत वाचतील का? कोण जाणे. पण गप्प राहून संमती दिली नाही, हे तर खरं.

किटली गार झाली होती. सगळ्यांनी गारच चहा प्यायला.

घरी आल्यावर हे म्हणाले, "चहा टाकतेस?" बैठकीत खाली मान घालून बसले होते! म्हटलं, "आधी बोला."

"लई भारी केलंस."

मग टाकला. आलं घालून.