हुएमध्ये सासूबाईंबरोबर

आई, व्हिएतनाममध्ये हुए नावाचं शहर आहे आणि तिथे नूडल्सच्या सुपात गवती चहा घालतात. हे आधी सांगते, कारण तू पहिलं हेच विचारलं असतंस, तिकडे खातात काय. नवीन गावी गेलं की देवळाआधी भाजीबाजार गाठायची सवय मला तुझीच लागली. तू गेल्यावर मी लग्न केलं. मुलगा अमेरिकेतच वाढलेला, पण घर व्हिएतनामी. सासूबाई इथे अमेरिकेत, हर्नडनला, आमच्याकडेच असतात. तरुणपणी त्यांनी बोटीतून देश सोडला तो सोडलाच. "तिकडे आता माझं कोण आहे?" म्हणायच्या आणि विषय संपवायच्या. यंदा काय मनात आलं कोण जाणे, एकदम म्हणाल्या, चला.

पोचल्या पोचल्या नवऱ्याचं पोट बिघडलं, तेव्हा आम्ही दोघीच पायी निघालो. बाजारात त्या पुढे, मी मागे. हे काय, ते काय, असं मी विचारतेय आणि त्या उत्तर द्यायच्या ऐवजी एकेक पाला चुरगळून माझ्या नाकाशी धरतायत. घरी जेवणाखाण्यापलीकडे आमचं बोलणं नसतं गं. त्यांचं इंग्लिश तोडकं, आणि मलाही काय विचारावं ते सुचत नाही. नदीकडे जाणाऱ्या एका गल्लीत त्यांची पावलं मंदावली. "इथे आमचं घर," त्या म्हणाल्या. समोर मोबाइलचं दुकान होतं. आता या रडणार, आपण काय करायचं, या विचाराने मला घाम फुटला. पण त्या सरळ आत शिरल्या, काउंटरवरच्या मुलीशी काहीतरी बोलल्या, आणि तिने आम्हाला मागच्या अंगणात नेलं. तिथे विहीर होती. वर जाळी, जाळीवर फुलांच्या कुंड्या. सासूबाई वाकून बघत राहिल्या आणि हसायलाच लागल्या.

"सो स्मॉल! मी हिला किती घाबरायचे!"

"का? कुणी पडलं होतं?"

"माझी नवी चप्पल," त्या म्हणाल्या. "आईने खूप मारलं."

मग जी सुरुवात झाली, ती दिवसभर. त्यांची आई कशी चालायची, कुणाशी भांडायची, भात करपला की कुणावर ढकलायची. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या.

बोलण्याच्या नादात त्या स्कूटरींच्या लोंढ्यात शिरल्या आणि माझ्या तोंडून निघालं, "आई!" त्या जागच्या जागी थांबल्या. पलीकडे पोचल्यावर विचारलं, "व्हॉट इज आई?"

मला एकदम लाज वाटली. म्हटलं, "म्हणजे, सांभाळून."

त्यांना तो शब्द फारच आवडला. पुढच्या रस्त्यावर माझा दंड धरून त्याच ओरडल्या, "आई! आई!" आता हर्नडनलाही मी गाडी काढली की दारातून ओरडतात. खरा अर्थ मी अजून सांगितलेला नाही. सांगितला तर त्या थांबतील.