सख्ख्या बहिणीच्या घरी जप्ती

धुळे,
५ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
धाकट्या प्रेमराजचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस, तेव्हा पत्रच बरं. मोनालीच्या साखरपुड्याचे फोटो पाहिले. वरणगावचे झुलाल आबा व्याही म्हणून शोभतात आणि त्यांचा मुलगा नवीन तर जावई म्हणून त्यांच्याहून शोभतो.

आता कामाचं. आमच्या पतसंस्थेच्या वसुली पथकाबरोबर जळगावची चॅनेलवाली मंडळी फिरतात, हे तू दर रविवारी 'आली जप्ती'मध्ये पाहतेसच. पण त्यांचा डायरेक्टर छगन हैराण झालाय. त्याला पाहिजे रडारड, शिव्याशाप, दाराला मिठी. आणि आपले लोक कसे? आम्ही जप्तीला गेलो की माणूस खाट टाकतो, बाई पाणी आणते, वर म्हणते, बठ्ठं लई जा भाऊ, पन पहिले चहा पी. परवा शिरपूरकडच्या एका म्हातारीने सगळ्या पथकाला शेवभाजी वाढली आणि टीव्ही काढताना वायरही तिनेच गुंडाळून दिली. छगन म्हणाला, असंच चाललं तर कार्यक्रमाचं नाव बदलून खाद्ययात्रा ठेवावं लागेल.

म्हणून तुझी आठवण झाली. तुझ्यासारखी जीभ खान्देशात दुसरी नाही. एक सीन फक्त. तू थकबाकीदार व्हायचं, मी फ्रिज टेम्पोत घालायचा आणि दुसऱ्या दिवशी आणून द्यायचा. निंबादाजींना विचार. नाही म्हणू नकोस.

मुलांचा नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
प्रेमराज


फैजपूर,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. प्रेमराज यास,
शेवंताअक्काचे अनेक आशीर्वाद.

झालं बाबा तुझं शूटिंग! अजून घसा बसलेला आहे. तुझ्या तोंडाला आग लागो, तुझी तिरडी निघो, हे सगळं मी मनापासून म्हटलं आणि मग देवासमोर जाऊन नाक घासलं, तेव्हा काळजी करू नकोस. एकदा पदर घसरला म्हणून मी छगनला पुन्हा घ्यायला लावलं. तो म्हणाला, मावशी, तुम्ही मुंबईला असायला पाहिजे होतं. यांना म्हणाला, तुम्ही नुसते हताश बसा. यांना तेवढंही जमेना, कॅमेरा पाहून केळीच्या बागेत पळाले.

तू मात्र काय तोऱ्यात उभा होतास रे! कायद्यापुढे नातं नाही म्हणालास तेव्हा मला हसू फुटणार होतं. तोंडात पदर कोंबला, छगनला वाटलं हुंदका आला.

एक घोळ झाला. शेजारची कमलबाई खरं समजून धावत आली, फ्रिजला मिठी मारून रडली आणि कॅमेऱ्यापुढे सांगून बसली की हा सख्खा भाऊ आहे, पाठचा भाऊ. ते कापायला सांग. आणि तुझ्या पथकातल्या पोरांनी भरात मोनालीची रुखवताची भांडीही टेम्पोत टाकली. ती आणि फ्रिज लगेच पाठव, विरजण आंबून चाललंय.

सगळ्यांना आशीर्वाद. असाच जीव लावत जा.

तुझी,
अक्का


धुळे,
३ मार्च २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

काल तुझा भाग लागला. कमलबाईचं बोलणं कापलं नाही, उलट छगनने तेच नाव करून टाकलं : 'सख्ख्या बहिणीच्या घरी जप्ती'. मी त्याच्यावर ओरडणार होतो. पण अक्का, सकाळी ऑफिसला आलो तर चेअरमनसाहेब दारात उभे. शाल, नारळ, फोटो. म्हणाले, सख्ख्या बहिणीला सोडलं नाही असा अधिकारी संस्थेला लाभला. चहाच्या टपरीवर माझ्याकडून कोणी पैसे घेत नाही. वर्षानुवर्षं तोंड लपवणारे थकबाकीदार आपणहून भरायला येताहेत, का तर हा माणूस आईलाही सोडायचा नाही!

तेव्हा एक विनंती. खरं काय ते थोडे दिवस कोणाला सांगू नकोस. बढतीचं चाललंय. फ्रिज आणि भांडी संध्याकाळच्या टेम्पोने निघाली असतील.

मोनालीला आशीर्वाद. राग धरू नकोस.

तुझा,
प्रेमराज


फैजपूर,
१० मार्च २०२५

प्रेमराज यास,
आशीर्वाद. तेवढे देते, कारण आईने शिकवलंय.

तू तिकडे शाल पांघर. इकडे आमच्या ओट्यावर आठवडाभर बाया बसायला येताहेत, जसं काही घरात कोणी गेलं आहे. कमलबाई रोज भाकरी आणि भरीत आणते, म्हणते, चूल पेटवायचं मन नसेल तुमचं. मी सांगितलं, बाई गं, ते सगळं नाटक होतं, आमच्यावर एक रुपयाचं कर्ज नाही. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, सगळे असंच म्हणतात हो. फ्रिज परत आला तर गल्लीत बोलणं झालं की रातोरात दुसरं कर्ज काढलं. आपल्याच घरात आपलाच फ्रिज उघडायची चोरी झाली माझी!

हेही मी सोसलं असतं. पण परवा झुलाल आबा आले. ओट्यावरच बसले, पाण्याला हात लावला नाही. मला वाटलं कर्जाचं विचारतील. तर म्हणाले, अक्का, कर्ज कोणाच्या घरी नाही? त्याचं आम्हाला काही नाही. पण ज्या घरचा मामा भाचीची रुखवताची भांडी टेम्पोत घालतो, त्या घरची सोयरीक आम्ही कशी करावी? उद्या आमच्यावर वेळ आली तर तुमची माणसं आमच्याशी कशी वागतील? मी शपथा घेतल्या. ते म्हणाले, भावाला पाठीशी घालताय, बहिणीची जात आहे. साखरपुड्याचा नारळ परत ठेवून गेले.

मोनाली दोन घास खाऊन उठते. नवीनचा फोन येतो, पण बापापुढे त्याचं चालत नाही. पोरगी मला एवढंच म्हणाली, आई, मामा खरं का सांगत नाही? काय सांगू मी तिला? तुझी बढती चाललीय म्हणून?

त्याच कॅमेऱ्यापुढे उभा राहा आणि खरं सांग. नाहीतर आखाजीला मला माहेरी न्यायला येऊ नकोस. मी यायची नाही.

अक्का


धुळे,
१ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

सांगितलं अक्का. तुझं पत्र वाचून मला माझीच लाज वाटली. छगनला बोलावलं आणि कॅमेऱ्यापुढे म्हणालो की माझ्या बहिणीवर कर्ज नाही, कधीच नव्हतं, ते सगळं आम्ही ठरवून केलं, चूक माझी. बोलताना रडलो. त्याच्या मनासारखं पहिल्यांदाच कोणीतरी रडलं.

रविवारी पाहतो तर काय! 'माझ्या बहिणीवर कर्ज नाही' एवढंच ठेवलं, खाली सनई लावली आणि वर नाव : 'अखेर भाऊ पाझरला'. म्हणजे मी तुझं कर्ज माफ केलं! सगळा खान्देश रडला म्हणे. झुलाल आबांचा मला फोन आला. म्हणाले, मामा असावा तर असा, नोकरीची पर्वा केली नाही. आखाजीनंतरचा मुहूर्त धरताहेत. तुला कळलं असेलच. मी त्यांना पुन्हा खरं सांगायला गेलो, तर म्हणाले, मोठेपणा पुरे करा आता.

नोकरीचं मात्र आबांचं खरं झालं. मला निलंबित केलंय. आरोप असा की वसुली अधिकाऱ्याने नातेवाइकाचं कर्ज परस्पर माफ केलं. मी म्हणालो, कर्ज नव्हतंच. तर फाईल शोधली. नव्हतीच, सापडणार कशी? आता दुसरा आरोप, फाईल गायब केली. चेअरमनसाहेबांनी शाल दिली तेव्हा फाईल विचारली नव्हती, हे मी बोललो नाही.

मॅनेजर अमृतराव म्हणतात, एक मार्ग आहे. अक्कांच्या नावे मागच्या तारखेची फाईल करू, त्यांनी सही करावी, हप्ते भरावेत, वसुली झाली की प्रकरण मिटलं. मी त्यांना सांगितलं, घरी बसेन पण हे करणार नाही. दाजींना यातलं काही कळू देऊ नकोस.

लग्नाला मी येत नाही. निलंबित मामाने मांडवात कोणत्या तोंडाने उभं राहायचं? मोनालीची साडी एसटीच्या पार्सलने पाठवतो.

तुझा,
प्रेमराज


फैजपूर,
१६ एप्रिल २०२५

चि. प्रेमराज यास,
अक्काचे भरभरून आशीर्वाद.

साडी पार्सलने पाठवतोस? शहाणाच आहेस! नवरीला बोहल्यावर मामा आणतो, कंडक्टर नाही.

तुझ्यापासून लपवून एक काम केलं आहे, ते आता सांगते. गेल्या शुक्रवारी मी आणि हे धुळ्याला येऊन गेलो. तुझ्या घरावरून रिक्षा गेली, पण उतरलो नाही, उतरलो असतो तर तू अडवलं असतंस. यांना मीच सगळं सांगितलं. हे जन्मात कधी बोलत नाहीत, पण बसमध्ये म्हणाले, भावाच्या पोटावर पाय देऊन पोरीचं लग्न नको. अमृतरावांनी दाखवलं तिथे तिथे सह्या केल्या. कर्ज कशासाठी घेतलं असं विचारायची जागा होती. मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. अमृतराव म्हणाले, घरगुती कारण लिहा. लिहिलं.

परत येताना मला खूप रडू आलं. कर्जाचं नाही रे, एवढी शिव्या द्यायची हौस असलेली मी आणि तिथे एक शब्द सुचला नाही त्याचं. कमलबाईला सांगितलं, बाई, कर्ज होतं हो, तू म्हणत होतीस तेच खरं. तिला इतकं बरं वाटलं! आता ती भाकरी आणत नाही, लोणच्याची बरणी मागायला येते. गल्ली जागेवर आली.

तुला सोमवारपासून कामावर घेतील असा शब्द दिलाय त्यांनी. लग्न आठ मेला. आदल्या दिवशी ये, वहिनी-मुलांना घेऊन ये. छगनने शूटिंगचं विचारलं होतं, त्याला मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मोनाली म्हणते, मामा आला नाही तर पाटावरून उठणारच नाही.

हप्ते आम्ही केळी कापली की भरत जाऊ. भाव पडला आणि एखादा थकला तर जप्तीला तूच ये. परक्या माणसाने माझ्या घरात पाऊल टाकलेलं मला खपायचं नाही.

घरच्या सर्वांना माझी आठवण सांग. आपला लोभ वाढता असू दे.

तुझी,
शेवंताअक्का