कोरे तळवे

ता. ३ जून

ती. आत्यास, सा. न.

कोशाच्या कामात सध्या ‘वॉक’ या इंग्रजी क्रियापदापाशी अडले आहे. गंमत म्हणजे त्याचा जुना अर्थ चालणं नव्हताच. गडगडणं, हेलकावणं असा होता. ओलं लोकरी कापड पायांनी तुडवणाऱ्यांनाही ‘वॉकर’ म्हणत. आता त्याच्या भावंडांना, म्हणजे स्ट्रोल, ट्रज, शफल यांना, मराठी हवं. चाळीस वर्षं लोकांचे बूट दुरुस्त करून तू तळव्यावरून चाल ओळखतेस, म्हणून तुलाच साकडं.

तुझ्या खुब्याच्या ऑपरेशनला दोन महिने झाले. आत्ता चालली नाहीस तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टर म्हणाले होते. चालतेस ना?

तुझी, शब्दांत बुडालेली भाची

ता. ९ जून

चि. शब्दकिडीस अ. उ. आ.

घे. स्ट्रोल म्हणजे रमतगमत, त्याचा तळवा सगळीकडून सारखा झिजतो. ट्रज म्हणजे जड पावलांनी. तिथे टाच आधी जाते. शफल म्हणजे पाय फरफटत, त्याचं पुढचं टोक बघ. लंगडणारा एकच बूट घेऊन येतो.

मी रोज गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते. तू पाठवलेले नवे बूट मात्र अंगठ्याला चावतात.

आशीर्वाद आहेतच, जेवणाची हयगय नको.

आत्या

ता. २० जून

ती. आत्यास, सा. न.

बदलून आणते म्हणून तुझ्याकडून परत मागवलेले बूट काल मिळाले. तुझ्याच सवयीनं आधी उलटे करून पाहिले. मापाच्या आकड्याची चिकटपट्टीसुद्धा तळव्यावर जशीच्या तशी! गल्लीचं टोक काय उडत गाठलंस? आधी रागावले, मग खूप रडले.

बूट बदललेले नाहीत, तसेच परत पाठवते आहे. लोभ असू दे, थापा नकोत.

तुझी भाची

ता. २ ऑगस्ट

चि. शब्दकिडीस अ. उ. आ.

पकडलंस. तुझ्या ‘वॉक’चा जुना अर्थ गडगडणं, तर अंथरुणात कूस बदलते तेही चालणंच, असं मी ह्यांना ऐकवलं. हे हसले नाहीत. खरं सांगते, मला भीती वाटत होती. दुकानाच्या पायरीवर पडले, तेव्हाचा कडाड आवाज अजून कानात आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी भिंत धरून दारापर्यंत गेले. मग रोज थोडं थोडं पुढे. काल ह्यांचा हात धरून गल्लीच्या टोकाला गेले आणि येताना हात सोडला.

माझ्या शब्दावर तू आता विश्वास ठेवणार नाहीस, म्हणून बूटच पाठवते आहे. डावी टाच झिजली आहे, ऑपरेशनच्या पायाची, उजवी, अजून अर्धी कोरी. या चालीला कोशात शब्द नसेल तर जागा राखून ठेव.

वाचून झाले की बूट लगेच परत पाठव. मला रोज लागतात.

तुझी आत्या