आईसारखं बीफ

लान्चौ, ४ नोव्हेंबर

ती. सिउ-लानताईस,
आ-वाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आई गेल्यापासून बाबा नुसत्या पेजेवर आहेत, आणि असंच चाललं तर डॉक्टर त्यांना इस्पितळात ठेवून नळी लावणार, हे वाचून हातातलं पीठ हातातच राहिलं. (इथे नूडल्सच्या दुकानात लागलोय. नदीवर मेंढीच्या कातड्यांत हवा भरून तराफे करतात, एखादा वल्हवून बघायचाय.)

आई बीफ कसं परतायची, हे तू मलाच विचारणार. तू रेशमाच्या गिरणीत असायचीस, मी तिच्या पायात पायात. तर बीफच्या रेषा बघ, त्यांना आडवं, पातळ काप. सोया सॉस, कॉर्नफ्लोअर, थोडं तेल चोळून ठेव. कढई धुरावली की मांस पसर, लगेच ढवळू नकोस. अर्धकच्चं काढ. मग आलं-लसूण, काइलानच्या पालेभाजीचे देठ, मागून पानं, मग मांस परत आत आणि कडेने तांदळाच्या दारूचा शिपका. आमच्या मालकाचं खेचर काल दुकानात शिरून... ते राहू दे.

बाबा खाऊन काय म्हणतात, शब्द न् शब्द कळव. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
आ-वा

शुन्दे, १९ नोव्हेंबर

चि. आ-वास अ. उ. आ.

केलं. शेजारच्या हौकाकूंना दात नाहीत, त्यांनी कढईपाशी उभ्याउभ्याच वाडगा संपवला. बाबांना धुराने खोकला येतो, म्हणून स्वयंपाकघराचं दार लावूनच केलं, झाकून ठेवलं आणि मग त्यांना बोलावलं. दोन घास घेतले आणि म्हणाले, चव तिचीच आहे, पण माझ्यासाठी केलेलं वाटत नाही. मला काही कळेना. परवा डॉक्टर यायचे होते, त्यांना पुढच्या महिन्यावर ढकललंय.

अंगात लोकरीचं घाल, आणि पत्रात खेचर नको.
ताई

लान्चौ, २७ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न.

दार लावलंस? बाबा माशांच्या तळ्यावरून येऊन चिखलाच्या पायांनी दाराशी स्टुलावर टेकेपर्यंत आई तेलच ओतायची नाही. दार सताड उघडं. मग चर्र, धूर, बाबांचा खोकला आणि आरडाओरडा. मला लहानपणी भांडण वाटायचं. ती उलट उलथनं जास्तच आपटायची. कुणाला ऐकवायला, हे आता इथे बसून सुचतंय. करून बघ ना. लगेच कळव, मला चैन नाही.
आ-वा

शुन्दे, ८ डिसेंबर

चि. आ-वास अ. उ. आ.

बाबांना दाराशी बसवलं, मग चूल पेटवली. मांस पडलं तसे ते खोकले. मी उलथनं दणादण आपटलं. तेव्हा ओरडले, घर जाळतेस का गं. आणि वाडगा पुढे केला.

भात दुसऱ्यांदा मागितला. तुझी पत्रं मोठ्याने वाचून दाखवली. ते विचारतायत, त्या खेचराचं पुढे काय झालं.

माया असू दे.
ताई